सरूआजीचं माहेर

शिरूर कासारात विमलबाईंच्या हातचा येसर आणायला जायचं तर रिकामा डबा आणि रिकामा वेळ, दोन्ही घेऊन जावं लागे. दसरा तोंडावर आला, ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांची बांधाबांध सुरू झाली, की गल्लीतल्या आणि वस्तीवरच्या बाया डबे घेऊन त्यांच्या ओसरीवर येऊन टेकायच्या. येसर म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या आणि मसाले, सगळं वेगवेगळं खमंग भाजून केलेलं पीठ. उकळत्या पाण्यात दोन मुठी सोडल्या की आमटी झाली. दिवसभर उसाच्या फडात वाकून संध्याकाळी कोपीवर, म्हणजे पाल्याच्या खोपटात, आलेल्या बाईला कांदा चिरायचंही त्राण नसतं. तिला येसराचा डबा म्हणजे घरातलं एक जादा माणूसच.

विमलबाई डबा हातात घ्यायच्या, पण लगेच भरायच्या नाहीत. आधी चौकशी.

"धाकटं तिखट खातंय का गं आता?"

"कशाचं! जिभेला लागलं की गाव गोळा करतंय."

"मग त्याचा पुडा निराळा बांधते. आन् सासऱ्याचा खोकला?"

एकेका डब्यामागे असा अर्धा अर्धा तास जायचा आणि तो पाहून मंजुषाचा जीव कासावीस व्हायचा. मंजुषा ही विमलबाईंची सून. माहेर बीडचं, मार्केटिंगमध्ये एमबीए, आणि पुण्यात फिनेल विकणाऱ्या एका कंपनीत दीड वर्ष नोकरी. लग्न होऊन शिरूरला आली तेव्हा नवरा अभिमन्यू सहज बोलून गेला होता, "इथं तुझ्या शिक्षणाचं काय लोणचं घालायचं?" अभिमन्यूची स्वतःची पिकअप होती, कापसापासून नवरीच्या कपाटापर्यंत काहीही वाहून न्यायचा, आणि बोललेलं दुसऱ्या दिवशी विसरायचा. मंजुषा विसरली नव्हती.

"आत्या," ती एके दिवशी सासूला म्हणाली, "तुमच्या येसराला चव आहे, पण ब्रँड नाही."

"मग टाकू की थोडा," विमलबाई म्हणाल्या. "बाजारात भेटतो का बीडहून आणावा लागंल?"

मंजुषाने त्यांना समोर बसवून समजावलं. माल नुसता चांगला असून भागत नाही. त्याला नाव लागतं, चेहरा लागतो, गोष्ट लागते. गिऱ्हाईक मालावर नाही, गोष्टीवर विश्वास ठेवतं. विमलबाईंनी लसूण सोलत सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग माजंच नाव दे की."

"दिलं असतं हो. पण 'विमल' म्हटलं की लोक पानटपरीवर मागायला जातील."

मंजुषाने आठ दिवस लॅपटॉपशी झटून नाव काढलं, सरूआजी. नेटवर शोधून चेहराही काढला. सुरकुतलेला, हसरा, नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं, बघताक्षणी पाया पडावंसं वाटेल असा. पुडा चकचकीत, सोनेरी काठाचा. पाठीमागे बारीक अक्षरात मजकूर: "सत्तर वर्षांपूर्वी सरूआजींनी चुलीवर पहिला येसर भाजला. तीच माया, तीच चव, आज तुमच्या घरात."

छापून आलेला पहिला पुडा विमलबाईंनी लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला.

"ही कोण?"

"कोणी नाही, आत्या. ही ब्रँडची ओळख."

"कोणी न्हाई तर तिला कावून घरात आणली?"

"सगळ्या कंपन्या असंच करतात."

"बरं बाई," विमलबाई म्हणाल्या. "पर भाजलं मी आन् हसायली ही."

पहिले आठ दिवस पुडे असे खपले की मंजुषाला स्वतःचाच हेवा वाटला. किराणा दुकानांतून मागणी आली. अभिमन्यूने मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर पुडे ठेवले, तिथेही उचलले गेले. मंजुषा रोज संध्याकाळी नवऱ्याला आकडा सांगायची आणि तो "लोणचं मुरलं म्हणायचं" असं म्हणून हसायचा.

नवव्या दिवशी छबुबाई आली.

छबुबाई ही बंकट मुकादमाची बायको. मुकादम बंकट असला तरी टोळी चालायची छबुबाईच्या शब्दावर. तिने एका दुकानातून पाय मागे घेतला की टोळीतल्या सोळा बायाही घेत. ती ओसरीवर बसली, पुडा मांडीवर ठेवला आणि त्यावरच्या म्हातारीकडे बराच वेळ बघत राहिली. मग मान वर करून मंजुषाला विचारलं,

"ही सरू कोणाची गं?"

"आमच्या नात्यातल्या आहेत."

"नात्यातली म्हंजी? सासरकडून का माहेरकडून?"

एमबीएच्या दोन वर्षांत ह्या प्रश्नावर एकही धडा नव्हता. पुण्यात फिनेलच्या बाटलीवरच्या बाईचं माहेर कुणी कधी विचारलं नव्हतं. मंजुषाने स्वयंपाकघराकडे पाहिलं, सासूबाई चक्कीवर गेल्या होत्या. तिच्या तोंडून जे पहिलं गाव निघालं ते निघालं.

"माहेर लिंबागणेशचं."

छबुबाईचा चेहरा उजळला. "आगं, माजी चुलत नणंद तितंच दिलीय! कोण्या अंगाला? देवळाच्या म्हागं का येशीजवळ?"

"मागं," मंजुषा म्हणाली.

चार दिवसांनी छबुबाई परत आली. पुडा घ्यायला नव्हे, खुलासा घ्यायला.

"नणंदंला फोन केलता. देवळाच्या म्हागं सरू नावाची एकच हाय म्हनली. आन् ती म्हैस हाय."

मंजुषाने पुढचं जोडलं, "त्या... लहानपणीच लग्न होऊन गेल्या. आता कुणाला आठवत नसतील."

"मग सासर कुटलं?"

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं, दुसऱ्याला तिसरं. आपणच काय सांगितलं ते विसरू नये म्हणून मंजुषाने मोबाइलमध्ये एक पानच उघडलं. सासर गेवराईकडं. मुलगे तीन. थोरला फौजेत. मुलगी एकच, ती नगरला. दात नाहीत, पण चणे फुटाणे खातात. (हे कुणाला का सांगितलं ते तिला स्वतःलाही कळलं नाही.) आठवड्याभरात सरूआजीचा संसार विमलबाईंच्या संसारापेक्षा भरलेला झाला. बाजारात बाया मंजुषाला थांबवून आजीची खुशाली विचारू लागल्या. एकीने आजीसाठी चोळीचा खण दिला. तो मंजुषाने कपाटात खाली, साड्यांच्या मागे लपवला आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

टोळी निघायला सहा दिवस उरले तेव्हा छबुबाईने ठरवून टाकलं. "निघायच्या आदी आमी समद्या म्हातारीच्या पाया पडून येतो. सा म्हईने तिच्या हातचं खायचंय. अभिमन्यूला म्हनावं, गाडी काढ."

"त्या आजारी आहेत," मंजुषा घाईघाईने म्हणाली.

"मंग तर जायालाच पायजे."

"दवाखान्यात आहेत. भेटू देत नाहीत."

"कोन्या दवाखान्यात? माजा भाचा बीडला दवाखान्यातच कामाला हाय. भेटू न देऊन सांगतेत कुटं!"

मंजुषाच्या पाठीला भिंत लागली. मागे सरायला जागा नव्हती आणि छबुबाई भाच्याला लावायला फोन काढत होती. मंजुषाने डोळे मिटले आणि म्हणाली, "गेल्या हो त्या. परवाच."

छबुबाईचा फोन हातातच राहिला. तिने पदर तोंडाला लावला, उठली आणि निघून गेली. मंजुषाला वाटलं, सुटले. मेलेल्या माणसाला कुणी पुढचं विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमलबाई मागच्या पडवीत मिरच्या भाजत बसल्या होत्या. मोठ्या कढईत पाच किलो लाल मिरची, खाली जाळ, आणि धुराने सगळं घर खोकत होतं. विमलबाईंच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. तेवढ्यात दारात सतरा बाया उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर पदर, दोघींच्या हातात झाकलेल्या पाट्या. त्यात भाकरी नि पिठलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून.

छबुबाईने विमलबाईंचे भरलेले डोळे पाहिले आणि तिचा बांध फुटला. धावत जाऊन तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले. "आगं माजे बाई, आपली म्हातारी गेली गं!"

मागून सोळा जणींनी सूर लावला.

विमलबाई हातात उलथनं घेऊन जागच्या जागी थिजल्या. त्यांच्या मनात माहेरच्या सगळ्या म्हाताऱ्या एकेक करून येऊन गेल्या. "कोन गेलं?" त्यांनी खोकत विचारलं. "आगं, सांगा तरी, कोन गेलं?"

"बगा, सुदच न्हाई तिला!" एक बाई म्हणाली आणि आणखी मोठ्याने रडली.

मंजुषा दारात उभी होती. विमलबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सुनेचा चेहरा उकडलेल्या वांग्यासारखा पडलेला, हात जोडलेले, ओठ हलतायत पण आवाज नाही. विमलबाई चाळीस वर्षं संसार केलेली बाई. त्यांना सगळं नाही, पण पुरेसं कळलं. खोटं त्यांच्या जिभेवर येत नव्हतं, आणि भरल्या अंगणात सुनेला उघडं पाडणंही जमेना. शेवटी त्या म्हणाल्या, "मानूस गेलं म्हनता, तर वाईटच झालं." आणि कढईतल्या मिरच्या करपायला लागल्या म्हणून त्या पुन्हा परतायला बसल्या.

बायांनी रडून घेतलं, डोळे पुसले, भाकरी वाढल्या. सगळ्या जेवल्या. विमलबाईंनाही दोन घास घ्यावे लागले. जाताना छबुबाई म्हणाली, "दहाव्याला आमी फडात असू. घास तुमीच ठिवा आमच्या नावानं."

बाया गेल्यावर विमलबाई सुनेवर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मंजुषाला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळी उटून तिच्या घरी जायचं आन् खरं सांगायचं. मी येनार न्हाई. तुजी तू जा."

पण सकाळ व्हायच्या आत शिरूरच्या चौकात फ्लेक्स लागला. तालुक्यातले जुने पुढारी अर्जुनराव यांचे चिरंजीव विजयसिंह यंदा पंचायत समितीला उभे राहायच्या तयारीत होते आणि तालुक्यात कुणी जन्मलं, परणलं किंवा मेलं की त्यांची माणसं तासाभरात फ्लेक्स छापत. "कै. सरूआजी यांना भावपूर्ण श्रद्धांजली." कोपऱ्यात पुड्यावरून उचललेली म्हातारी, तळहाताएवढी. मध्यभागी विजयसिंह, हात जोडलेले, दरवाजाएवढे.

मंजुषा चौकापर्यंत आली, फ्लेक्स पाहिला आणि तिचे पाय परत घराकडे वळले. संध्याकाळी सांगू, तिने ठरवलं. संध्याकाळपर्यंत गरजच उरली नाही. बंकट मुकादम कामासाठी मांजरसुंब्याला गेला होता. तिथे चहा पिताना समोरच्या औषधाच्या दुकानावर तेलाच्या जाहिरातीत त्याला स्वर्गवासी सरूआजी दिसली. तीच नथ, तेच लुगडं. फक्त इथे ती दोन्ही हात वर करून नाचत होती आणि खाली लिहिलं होतं, "गुडघेदुखी विसरा!" बंकटने फोटो काढून बायकोला पाठवला आणि विचारलं, "ह्या बाईला रडलीस का तू काल?"

छबुबाई आली तेव्हा एकटीच आली. ओसरीवर बसली नाही. फोन मंजुषाच्या समोर धरला.

"ह्ये काय हाय?"

मंजुषाने सगळं सांगितलं. फोटो, नाव, लिंबागणेश, फौजेतला मुलगा, सगळं. सांगताना मध्ये एकदा तिला वाटलं, छबुबाई आता हसेल. ती हसली नाही.

"माजी आई गेली तवा मी कर्नाटकात फडात होते," ती म्हणाली. "निरोप आला, पर यायला जमलं न्हाई. तिला रडायचं राहून गेलतं. काल तुज्या पडवीत समदं रडून घेतलं मी. कोनाला रडले गं मी? तेलाच्या बाईला?"

"येसर तर माजाच हाय गं, छबू," विमलबाई आतून पुढे येत म्हणाल्या. "त्यात काय खोट न्हाई."

"तुजा हाय तर तुजं नाव कावून न्हाई त्याच्यावर?" छबुबाईने पिशवीतले पुडे काढून उंबऱ्यावर एकेक करत मांडले. "मानूसच खोटं, तर आतलं खरं कशावरून धरायचं?"

टोळी निघाली तेव्हा सोळातल्या एकीनेही डबा आणला नाही. ही बातमी ट्रॅक्टरच्या वेगाने इतर टोळ्यांत गेली. दुकानांतून पुडे परत आले. ढाबेवाले अभिमन्यूला पाहून "आजी कशाय?" विचारून खिदळू लागले. विजयसिंहांनी निरोप पाठवला की आमची चारचौघांत शोभा झाली. मंजुषा जाऊन त्यांची माफी मागून आली. फ्लेक्स मात्र त्यांनी काढला नाही. फक्त म्हातारीच्या जागी दुसरं कुणी चिकटवून वाढदिवसाला वापरला.

दीड महिना मंजुषाने लॅपटॉप उघडला नाही. ती सासूच्या हाताखाली भाजायला बसायची. बाजरी कुठल्या रंगावर उतरवायची, धने कधी तडतडतात, खोबरं शेवटी का. एके दिवशी ती भाजता भाजता म्हणाली, "आत्या, मी छबुबाईंकडे जाऊन येते."

"जा की," विमलबाई म्हणाल्या. "पर विकायला जाऊ नको."

यंदा छबुबाईची टोळी लांब गेली नव्हती, माजलगावाकडच्या एका कारखान्यावर होती. अभिमन्यूने मंजुषाला पहाटे निघून उजाडता फडावर सोडलं आणि तो सरकीच्या भाड्याला पुढे गेला. थंडी मी म्हणत होती. पुरुष कोयत्याने ऊस पाडत पुढे चालले होते, मागून बाया मोळ्या बांधत होत्या. मंजुषा बांधावर उभी राहिली आणि सतरा बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "मी तुमच्याशी खोटं बोलले. माझं चुकलं."

छबुबाई हातातली मोळी न सोडता, न हसता म्हणाली, "बरं. मोळी बांदता येती का?"

"नाही."

"मंग शिक. रिकामं कोन उभं राहत न्हाई हितं."

उसाचे हिरवे शेंडे पिळून त्याची दोरी करायची, ती मोळीखाली सरकवायची, गुडघ्याने दाबून गाठ मारायची. सांगायला सोपं. मंजुषाची पहिली मोळी उचलताच सुटली, दुसरी उचलण्याआधीच सुटली. उसाच्या वाळक्या पाचटाने हातांवर बारीक रेघा उमटल्या, मानेत पानांची काटेरी कूस गेली आणि अंग खाजायला लागलं. "एमबीए हाय म्हनं," कुणीतरी म्हणालं आणि फडात हशा पिकला. दुपारपर्यंत तिच्या दहातल्या सहा मोळ्या टिकायला लागल्या. छबुबाईने सुटलेल्या चार मुकाट्याने पुन्हा बांधल्या.

दिवस मावळता सगळे कोपीवर परतले. मंजुषाला इतकी भूक लागली होती की समोरचा दगडही तिला बटाट्यासारखा दिसत होता. छबुबाईने चुलीवर पाणी ठेवलं, कोपीत हात घातला आणि सोनेरी काठाचा एक पुडा मंजुषाच्या ओंजळीत टाकला. सरूआजी हसत होती.

"एक माज्या पिशवीत राहून गेलता," ती म्हणाली. "फोड. कर आमटी."

मंजुषाने कोपऱ्यावर ओढलं, फाटलं नाही. दुसऱ्या कोपऱ्यावर ओढलं, चिरलेल्या बोटांतून पुडा निसटला. दातांनी ओढलं, चकचकीत कागद नुसता लांबला. "इथून फाडा" असं तिने स्वतःच छापून घेतलं होतं, पण अंधारू लागल्यावर ते वाचता येईना. शेवटी तिने शेजारचा कोयता उचलला आणि घाव घातला. पुडा मधोमध फाटला आणि अर्धा येसर चुलीच्या राखेत.

पहिल्यांदा बंकट हसला. मग छबुबाई. मग शेजारच्या कोप्यांतून बाया बघायला आल्या आणि हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मंजुषाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं ते तिलाही कळेना. मग तीही हसत सुटली.

"आमी बी असंच फोडलं गं पयल्या दिशी," छबुबाई डोळे पुसत म्हणाली. "निम्मा मातीत."

"मग सांगितलं का नाही?"

"कोनाला सांगायचं? म्हातारीला?"

राहिलेल्या येसराची आमटी झाली. भाकरी चुरून खाताना बायांची तोंडं सुटली. पुडा एकदा फोडला की दमट हवेत गोळे होतात. अक्षर बारीक. सगळ्यांना एकच तिखट, लेकरांनी काय खायचं? आणि छबुबाई शेवटी म्हणाली, "तुजी सासू डबा भरताना इचारायची, लेकरू केवढं झालं, दुखनं खुपनं काय हाय. तितं बसलं की वाटायचं, आपन गेलो तरी गावात कोनीतरी आपली याद ठिवतंय. तुजा पुडा काय इचारतो?"

मंजुषाने ते मोबाइलवर टिपून घेतलं नाही. सासूच्या ओसरीवर जाणारा तो अर्धा अर्धा तास ती इतके दिवस वाया गेलेला वेळ समजत होती.

परत आल्यावर तिने पुड्यांचा नाद सोडला आणि रुंद तोंडाच्या, झाकणाला दोन आटे असलेल्या बरण्या आणल्या. चिरलेल्या हातालाही उघडतील अशा. संपल्यावर मीठ ठेवायला कामी येतील अशा. दोन रंगांची झाकणं, लाल तिखटाचं, पिवळं लेकरांचं. फोटो विमलबाईंचाच. तो काढताना अभिमन्यूने "आई, हस की" म्हणून दहा वेळा सांगितलं.

"भाजताना कोन हसतं रं? खोबरं करपंल," विमलबाई म्हणाल्या आणि कपाळाला आठ्या घालून कॅमेऱ्याकडे पाहत राहिल्या. तोच फोटो छापला. बरणीवरून त्या अशा बघत होत्या की जणू उष्टं टाकणाऱ्याला उठून धपाटा घालतील. खाली मोठ्या अक्षरात, "विमलबाई, शिरूर कासार. काही बिघडलं, कमी जास्त झालं, तर फोन करा." आणि फोन नंबर मंजुषाचा.

पानटपरीचे विनोद झालेच. पहिल्या महिन्यात एका पठ्ठ्याने खरंच फोन करून "सुट्टी पुडी भेटंल का?" म्हणून विचारलं. ढाबेवाल्यांनी पुन्हा माल ठेवला नाही. छबुबाईच्या टोळीतल्या सोळातल्या नऊच परत आल्या. सात जणी अजूनही दुसरीकडून नेतात, आणि त्यांना मंजुषा बाजारात भेटली की नमस्कार करते, येसराचं नाव काढत नाही. कपाटातला चोळीचा खण तिने जिचा होता तिला नेऊन दिला. त्या बाईने तो घेतला, चहा मात्र विचारला नाही. छबुबाई चैत्रात गावी आली तेव्हा फडावर पाठवलेली एक बरणी परत घेऊन आली, धने जास्त भाजलेत म्हणून. विमलबाईंनी चाखून पाहिलं आणि त्यांना कबूल करावं लागलं. तो घाणा मंजुषाने भाजला होता. ज्यांनी ज्यांनी त्यातली बरणी नेली होती त्या सगळ्यांना मंजुषाने फोन लावले. बत्तीस जणींतल्या तिघींनीच बदलून मागितली. बाकीच्या म्हणाल्या, आम्हाला तर काही कळलं नाही, पण तू फोन केलास ते बरं झालं, आता ऐक...

तेव्हापासून फोन वाजायचा थांबला नाही. येसराबद्दलचे थोडे, बाकीचे कशाबद्दलही. शेळी खात नाही. मुलीला नर्सिंगला घालावं का. पुण्याच्या कंपनीत मंजुषाला गिऱ्हाइकाशी बोलायची वाक्यं पाठ करायला लावली होती, त्यातलं एकही इथे चालत नव्हतं. पुढचा हंगाम लागला, आणि परवा दुपारी एक कोवळा आवाज आला, उसाच्या वाऱ्याने अर्धा खाल्लेला.

"ताई, मी रोहिणी बोलते. पंढरपूरच्या पुढं हाव आमी फडावर. कोपीतल्या बाईनं तुमची बरणी दाखिवली. मला आठवा लागलाय. येसर खाल्लेला चालतो का? पोटात जळजळतंय."

पाठ केलेल्या वाक्यांपैकी एक मंजुषाच्या ओठांपर्यंत आलं, 'आमचं उत्पादन संपूर्ण नैसर्गिक आहे.' ते तिने गिळलं.

"मला नाही माहीत गं, रोहिणी," ती म्हणाली. "आत्यांना विचारते, आणि इथल्या दवाखान्यातल्या ताईंनाही. अर्ध्या तासात सांगते. तोवर खाऊ नकोस."

विमलबाई म्हणाल्या, जळजळतंय तर बिलकुल नको, ताक भाकर खा म्हनावं. दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या, तिखट बंद, आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवून घे. मंजुषाने दोन्ही निरोप सांगितले, तिकडच्या आशाताईचा नंबर मिळवून दिला, आणि पुन्हा चार दिवसांनी फोन करते म्हणाली.

"तुमची बरणी मी घेतलेली न्हाई पर, ताई," रोहिणी ओशाळून म्हणाली.

"नको घेऊस. बाळ झाल्यावर बघू."

फोन ठेवून मंजुषाने नंबर मोबाइलमध्ये साठवला. नावाच्या जागी लिहिलं, 'रोहिणी, आठवा महिना', आणि धने भाजायला आत गेली.